साथीत हाक कोणी दिली? कृष्णा-वारणेच्या पट्ट्यातील विद्यार्थी स्वयंसेवकांचा इतिहास

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात, सांगलीहून इस्लामपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आष्टा हे वाळवा तालुक्यातील जुने बाजारगाव असून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच तेथे नगरपालिका आहे. हा सारा मुलूख 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी त्याचा दक्षिण भाग वेगळा काढून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले. गेल्या सव्वाशे वर्षांत प्लेग, पटकी, देवी, मानमोडीचा ताप आणि शेवटी कोरोना अशा साथी या पट्ट्याने पाहिल्या, आणि यांपैकी काही साथींत घरी सुरक्षित राहणे शक्य असतानाही तरुण विद्यार्थी घराबाहेर पडून इतरांच्या उपयोगी पडले. ते का बाहेर पडले, हा प्रश्न 2020 नंतर जगभर, विशेषतः चीनमधील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संदर्भात, पुष्कळ विचारला गेला. त्याचे उत्तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात शोधण्याचा प्रघात पडला आहे. या पट्ट्याचा इतिहास मात्र विद्यार्थ्याला हाक कोणी दिली, त्या हाकेवर त्याचा विश्वास का बसला आणि हाक ऐकल्यावर त्याला उभे राहायला जागा कोठे मिळाली, याकडे बोट दाखवतो.

प्लेगचा पहिला रोगी मुंबईत मांडवी भागात सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखला. पुढच्या काही वर्षांत ही गाठीची साथ रेल्वे आणि बैलगाड्यांच्या वाटांनी दख्खनभर पसरली. 1901 च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या 11,46,559 भरली, म्हणजे दहा वर्षांत ती सुमारे सहा टक्क्यांनी घटली होती, आणि या घटीत प्लेग व दुष्काळ या दोहोंचा वाटा होता. गावकऱ्यांनी साथीवर शोधलेला उपाय साधा होता: घरात उंदीर मरून पडू लागले की गाव रिकामे करायचे आणि रानात, मळ्यात कुडाच्या झोपड्या घालून साथ ओसरेपर्यंत तेथेच राहायचे. सरकारी डॉक्टरांनाही पुढे हाच मार्ग सर्वांत उपयुक्त वाटला. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडण्याची रीत होती, आणि तो ओढायला तरुणच पुढे होत. सामूहिक संकटात तरुणांनी अंगावर घ्यायचे काम ही कल्पना गावाला नवी नव्हती, रोग्याच्या उशाशी बसायचे काम मात्र घरच्यांचे, म्हणजे बहुधा बायकांचे, मानले जाई.

विद्यार्थी म्हणून ओळखला जाणारा तरुण तेव्हा या पट्ट्यात जवळजवळ नव्हता. महाविद्यालयीन शिक्षणासाठी कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय किंवा पुण्याचे फर्ग्युसन गाठावे लागे. सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय निघाले ते 1919 मध्ये. अपवाद होता मिरजेचा, जेथे डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिशनचे रुग्णालय उभारले आणि काही वर्षांतच वैद्यकीय शिक्षणही सुरू केले. तेथील विद्यार्थ्यांचा शुश्रूषा हाच अभ्यासक्रम होता, त्यामुळे त्यांच्या सेवेला प्रेरणा कोणती, हा प्रश्न वेगळा विचारावाच लागत नाही.

पुण्यात मात्र हा प्रश्न तीव्रतेने उभा राहिला. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा लागू झाला, रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती आली, गोऱ्या शिपायांनी घरे तपासायला आरंभ केला आणि रोगापेक्षा उपायाचीच दहशत मोठी झाली. एकाच घरतपासणीतून दोन प्रकारचे तरुण तयार झाले, हे सहसा एकत्र सांगितले जात नाही: चापेकर बंधूंनी 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली, आणि त्याच शहरात काही जण रोग्यांना उचलून नेण्याच्या, त्यांच्या घरच्यांना छावणीत अन्न पोहोचवण्याच्या कामाला लागले. अनेक पुढारी शहर सोडून गेले असता टिळक पुण्यातच राहिले आणि त्यांनी हिंदू प्लेग रुग्णालय चालवले. गोखल्यांनी शिपायांच्या वर्तनाविषयी विलायतेत केलेले विधान त्यांना माफी मागून मागे घ्यावे लागले आणि त्यानंतर तेही प्लेगनिवारणाच्या कामात उतरले. हडपसरजवळच्या माळावर सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा केली, मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घालून तेथे आणले, आणि त्याच संसर्गाने 10 मार्च 1897 रोजी त्यांचा मृत्यू झाला. या सर्व कामांत एक समान धागा होता: लोकांचा सरकारवर विश्वास नव्हता आणि सरकारला लोकांची भाषा कळत नव्हती, म्हणून मधे उभे राहणारा माणूस हवा होता, व तो माणूस लिहिता-वाचता असणे सोयीचे होते. दया, धर्म आणि देशप्रेम यांना या मधल्या जागेमुळे प्रत्यक्ष काम मिळाले.

विद्यार्थ्यांना उद्देशून थेट हाक दिल्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कलकत्त्याचे आहे. एप्रिल 1899 मध्ये भगिनी निवेदिता यांनी प्लेग आणि विद्यार्थ्यांचे कर्तव्य या विषयावर व्याख्यान दिले आणि त्यानंतर सुमारे पंधरा विद्यार्थ्यांनी रामकृष्ण मिशनच्या कामासाठी नावे नोंदवली, वस्त्यांतील गल्ल्या झाडल्या. एवढ्या मोठ्या शहरात पंधरा हा आकडा लहान वाटतो, पण त्या काळी भद्रलोकांच्या, म्हणजे बंगालच्या शिकलेल्या उच्चवर्णीयांच्या, मुलाने हातात झाडू घेणे म्हणजे जातीच्या मर्यादा मोडणे होते, आणि व्याख्यान देणारी बाई स्वतः झाडू घेऊन रस्त्यावर उतरलेली होती, म्हणूनच ते पंधरा तरी पुढे आले असावेत.

1918 च्या इन्फ्लुएंझाने, ज्याला मराठी मुलखात मानमोडीचा ताप म्हटले गेले, स्वयंसेवेचे रूप पालटले. जूनमध्ये मुंबई बंदरात उतरलेली ही साथ सप्टेंबर-ऑक्टोबरात भीषण झाली आणि एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. डॉक्टर महायुद्धावर गेले होते, सरकारी यंत्रणा थकली होती, आणि रोग इतका झपाट्याने येऊन जाई की पकडून छावणीत ठेवण्याचा उपायच निरर्थक ठरला. त्यामुळे या वेळी लोकांना शिपायांपासून वाचवणारा मध्यस्थ नको होता. घरोघर दूध, औषध आणि पांघरूण पोहोचवणारे हात हवे होते. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये स्थापन केलेली सोशल सर्व्हिस लीग, गोखल्यांची 1905 ची भारत सेवक समाज ही संस्था आणि जातवार मंडळे यांनी ते पुरवले. सुरतेकडे कल्याणजी व कुंवरजी मेहता बंधू आणि दयाळजी देसाई यांच्या आश्रमांतील विद्यार्थी औषधे वाटत आणि प्रेते उचलत फिरले. शिकलेला व खाऊनपिऊन सुखी वर्ग गरिबांच्या मदतीला एवढ्या संख्येने याआधी कधी आला नव्हता, अशी नोंद त्या वेळच्या सरकारी आरोग्य अहवालांतही झाली. येथे जरा थांबून हेही म्हटले पाहिजे की जातवार मंडळांनी आधी आपापल्या जातीचीच घरे पाहिली, आणि ज्या जातींना मंडळच नव्हते त्यांच्या दाराशी कोण पोहोचले, हे त्या अहवालांतून फारसे कळत नाही.

त्या उणिवेचे उत्तर याच पट्ट्यातून आले, जरी ते साथीसाठी म्हणून आले नव्हते. वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक हे ज्यांच्या घराण्याचे गाव, त्या भाऊराव पाटलांनी कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिक्षण घेतले, शाहू महाराजांच्या वसतिगृहांच्या प्रयोगाचा प्रत्यक्ष अनुभव घेतला, आणि 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये साताऱ्यात आलेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करत, शेतात राबत. या वसतिगृहाला 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आले. शरीरश्रमाची लाज काढून टाकणे हा या शिक्षणाचा गाभा होता, आणि सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे होते, कारण साथीत करावे लागणारे काम, गटार उपसणे, चुना टाकणे, दुसऱ्या जातीच्या माणसाची विष्ठा साफ करणे, हे बहुतेक तेच काम असते जे परंपरेने सवर्ण मुलाला निषिद्ध ठरवले होते. ज्याला आपली ताटली आपण घासायची सवय लागली आहे, त्याला साथीत पुढे येण्यासाठी वेगळे व्याख्यान फारसे लागत नाही.

1942 नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांनी ब्रिटिश राजवटीला समांतर चालवलेल्या प्रतिसरकारात, ज्याचे अनेक कार्यकर्ते वाळव्याच्या गावांतून आले, तरुणांनी न्यायनिवाडा आणि गावाची शिस्त सांभाळली, आणि या भागातील तरुणाला सार्वजनिक काम म्हणजे आपलेच काम वाटू लागले, त्यामागे या अनुभवाचा हात आहे. मात्र तो इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे.

स्वातंत्र्यानंतर हाक देणारे सरकार झाले. 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत सुमारे 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली एनएसएस, सुरू झाली. 1962 मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठामार्फत ती सांगली-साताऱ्याच्या महाविद्यालयांत पोहोचली. दोन वर्षांत 240 तास काम, एका दत्तक गावात सात दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर, कार्यक्रम अधिकारी म्हणून नेमलेला एक प्राध्यापक आणि शेवटी प्रमाणपत्र व दहा वाढीव गुण, असा तिचा साचा ठरला. या दहा गुणांवरून बरीच थट्टा झाली आहे. तरीही लसीकरणाचे बूथ, 1991 पासून महाविद्यालयांतून चाललेले एड्सविषयक प्रबोधन, 1995 नंतरचे पल्स पोलिओचे रविवार, आणि याच जिल्ह्यातील अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना सुरू झालेले गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, यांत काम करणारे हात बहुतांशी त्याच गुणांच्या आशेने नोंदलेल्या विद्यार्थ्यांचे होते. आष्ट्यासारख्या गावात 1999 मध्ये अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालय आले, तेव्हा पूर्वी पुण्या-कोल्हापूरला जाणारा विद्यार्थी घरून येऊन-जाऊन शिकू लागला; म्हणजे साथ येईल तेव्हा शिकलेला तरुण गावातच असेल, ही 1897 मध्ये नसलेली परिस्थिती तयार झाली.

शिकलेला तरुण घराजवळ असला की साथीत काय घडते, हे समजायला चीनची कथा उपयोगी पडते. तेथे कम्युनिस्ट युवक संघाने 1993 मध्ये देशव्यापी युवा स्वयंसेवक चळवळ सुरू केली आणि लेई फेंग या आदर्श सैनिकाच्या नावाने 1963 पासून सेवेची शिकवण दिली जात होती. 23 जानेवारी 2020 रोजी वुहान बंद झाले, तेव्हा नववर्षाच्या सणासाठी लक्षावधी विद्यार्थी आपापल्या गावी परतलेले होते. त्यांतले कित्येक जण वसाहतींच्या समित्यांबरोबर फाटकावर तापमान मोजायला, वृद्धांना किराणा पोहोचवायला उभे राहिले, काहींनी डॉक्टर-परिचारिकांच्या मुलांना ऑनलाइन शिकवले. त्यांच्या प्रेरणा मोजण्यासाठी अभ्यासकांकडे 1998 मध्ये क्लॅरी, स्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली एक प्रश्नावली तयार होती, जी स्वयंसेवेमागची कारणे सहा गटांत विभागते: मूल्ये, शिकण्याची इच्छा, नोकरीची तयारी, मित्रमंडळींचा प्रभाव, मनातील अपराधभाव वा एकटेपणा शमवणे, आणि स्वतःविषयीचा अभिमान वाढवणे. ही विभागणी उपयुक्त आहे, पण तिच्यात विद्यार्थी आधीच मन ठरवून आलेला गृहीत धरला जातो. वास्तविक, तो वसाहतीच्या फाटकाजवळच राहत होता आणि फाटकावर त्याला ओळखणारा माणूस होता, या दोन गोष्टींना त्या सहा गटांत धड जागा नाही.

इस्लामपुरातही, ज्याचे नाव आता ईश्वरपूर झाले आहे, तेच घडले. 23 मार्च 2020 रोजी सौदी अरेबियातून परतलेल्या एका कुटुंबातील चौघांना कोरोना झाल्याचे निष्पन्न झाले आणि काही दिवसांतच हे तालुक्याचे गाव राज्यभर चर्चेत आले. महाराष्ट्र सरकारने ज्या कायद्याचा आधार घेतला तो 1897 चाच होता. परंतु स्वयंसेवकाची जागा आता उलटी झाली होती: प्लेगच्या वेळी तो लोकांच्या बाजूने सरकारपुढे उभा होता, या वेळी तो सरकारचा अर्ज घेऊन लोकांच्या दारात उभा होता. सप्टेंबर-ऑक्टोबर 2020 मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत प्रत्येक पथकात एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक असत. ताप मोजायचा, ऑक्सिमीटर बोटाला लावायचा, घरात मधुमेह वा रक्तदाब कोणाला आहे ते लिहून घ्यायचे. दार उघडले जाई ते बहुधा त्या मुलाची वा मुलीची ओळख पटल्यावरच, आणि रोग लपवण्याची वृत्ती 1897 इतकीच जिवंत असल्याने या ओळखीचे मोल सरकारी ओळखपत्राहून अधिक ठरले.

त्या काळात कोण बाहेर पडले नाही, हेही पाहिले पाहिजे. राष्ट्रीय छात्रसेनेने एप्रिल 2020 मध्ये आपल्या वरिष्ठ विभागातील स्वेच्छेने येणाऱ्या छात्रांना मदतकार्यासाठी देऊ केले. पण घरात आजी-आजोबा असलेल्या मुलांना, आणि त्याहून अधिक मुलींना, घरचा होकार मिळणे सोपे नव्हते. त्यांची अनिच्छा म्हणून नोंद करणे अन्यायाचे होईल.

2021 मध्ये लस आली आणि विद्यार्थ्यांचे काम पुन्हा बदलले. साठीपुढच्या लोकांसाठी 1 मार्चपासून कोविन या संकेतस्थळावर नोंदणी सुरू झाली, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता वा इंग्रजी अक्षरे लागत नव्हती त्यांच्यासाठी ती घरातल्या, गल्लीतल्या महाविद्यालयीन मुलामुलींनी केली. यासाठी ना प्रमाणपत्र होते ना गुण; शेजारच्या आजीने दारातून हाक मारली, एवढेच. अठरा वर्षांवरील सर्वांसाठी 1 मे रोजी लस खुली झाली, मात्र साठा अपुरा पडल्याने महाराष्ट्राने 12 मेपासून 18 ते 44 या वयोगटाचे लसीकरण थांबवले, आणि इतरांची नावे नोंदवून देणाऱ्या या मुलांपैकी बहुतेकांना स्वतःच्या पहिल्या मात्रेसाठी जूनच्या उत्तरार्धापर्यंत वाट पाहावी लागली.