उमेदवार-निवड आणि स्त्रियांचे प्रतिनिधित्व : मुंबई शहर

विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या निवडणुकीसाठी आपल्या वतीने कोणी उभे राहावे, हे राजकीय पक्षाने ठरविण्याच्या क्रियेस उमेदवार-निवड म्हणतात. व्यवहारात तिला ‘तिकीटवाटप’ असे नाव रूढ आहे. भारतीय संविधानानुसार मतदारयादीत नाव असलेल्या व विहित वय पूर्ण केलेल्या कोणाही नागरिकास निवडणूक लढविता येते. तथापि पक्षाचे चिन्ह मिळण्यासाठी पक्षाच्या अधिकृत पदाधिकाऱ्याचे पत्र विहित मुदतीत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोहोचावे लागते. हे पत्र कोणास द्यावे, याविषयी कायद्याने कोणताही निकष घातलेला नाही. त्यामुळे सभागृहात स्त्रिया किती असतील, हे बरेचसे मतदानापूर्वीच ठरून जाते. गिरगाव, दादर, परळ व लालबाग या भागांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या दृष्टीने उद्‍बोधक आहे.

मुंबई इलाख्यातील स्त्रियांना विधिमंडळाच्या निवडणुकीत मताधिकार १९२१ मध्ये मिळाला. मात्र तो मालमत्तेच्या अटीने मर्यादित होता. गिरगावात हिंद महिला समाजाची स्थापना (१९१८) करणाऱ्या अवंतिकाबाई गोखले आणि सरोजिनी नायडू या १९२३ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या सदस्य झाल्या. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधिमंडळांत स्त्रियांसाठी काही जागा राखून ठेवल्या. मोठ्या स्त्री-संघटनांनी या तरतुदीस विरोध केला होता. संविधानसभेतही मुंबईच्या हंसा मेहता यांनी डिसेंबर १९४६ मध्ये, स्त्रियांनी राखीव जागा कधी मागितल्या नाहीत, त्यांना सामाजिक, आर्थिक व राजकीय न्याय हवा आहे, अशी भूमिका मांडली. समान हक्क मिळाल्यावर पक्ष आपण होऊन स्त्रियांना संधी देतील, हा विश्वास त्यामागे होता.

हा विश्वास पुढील काळात फारसा फळास आला नाही. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत केवळ २२ स्त्रिया निवडून आल्या. १९५७ च्या निवडणुकीसाठी काँग्रेसने सुमारे १५ टक्के उमेदवारी स्त्रियांना देण्याचे धोरण ठरविले. परंतु ते प्रमाण गाठले गेले नाही. वरिष्ठ समितीने धोरण आखावे आणि नावे मात्र प्रदेश व जिल्हा पातळीवरून यावीत, अशी ही पद्धती होती. खालून येणाऱ्या यादीत स्त्रीचे नाव नसेल, तर वरून आखलेले धोरण कागदावरच राही.

त्या काळात स्त्रीस उमेदवारी मिळण्याचे दोन मार्ग ठळकपणे दिसतात. पहिला नात्याचा. १९६७ मध्ये ईशान्य मुंबईचे खासदार स. गो. बर्वे यांचे निधन झाल्यावर काँग्रेसने त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांना पोटनिवडणुकीत उभे केले व त्या विजयी झाल्या. गिरणगावात याचे अधिक दारुण उदाहरण घडले. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची ५ जून १९७० रोजी हत्या झाली. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना उमेदवारी दिली. अत्यंत चुरशीच्या लढतीत शिवसेनेचे वामनराव महाडिक अल्प मताधिक्याने निवडून आले. ते शिवसेनेचे पहिले आमदार होत. भिन्न विचारसरणीच्या या दोन्ही पक्षांना स्त्रीचे नाव सुचले ते कुटुंबातील पुरुषाच्या मृत्यूनंतर, ही बाब लक्षणीय आहे.

दुसरा मार्ग चळवळीचा. अहिल्या रांगणेकर (१९२२–२००९) यांनी १९४३ मध्ये परळ महिला संघ स्थापन करून गिरणी कामगारांच्या कुटुंबांतील स्त्रियांना संघटित केले. १९६१ मध्ये त्या महानगरपालिकेवर निवडून आल्या. गोरेगावातील पाणीप्रश्नामुळे पुढे आलेल्या मृणाल गोरे याही त्याच वर्षी नगरसेविका झाल्या. प्रमिला दंडवते व जयवंतीबेन मेहता यांचा महानगरपालिकेत प्रवेश १९६८ मधील. १९७२ च्या सुमारास स्थापन झालेल्या महागाई प्रतिकार संयुक्त स्त्री समितीने रेशन, रॉकेल व तेल यांच्या टंचाईविरुद्ध काढलेले लाटणे मोर्चे गाजले. चाळीचाळींतून हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या. गोरे, रांगणेकर व दंडवते या समितीच्या प्रमुख नेत्या होत्या. आणीबाणीत या तिघींना तुरुंगवास घडला.

१९७७ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईच्या सहा जागांपैकी उत्तर मुंबईतून मृणाल गोरे (जनता पक्ष) आणि उत्तर मध्य मुंबईतून अहिल्या रांगणेकर (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष) निवडून आल्या. म्हणजेच कोणतेही आरक्षण नसताना शहराच्या एक-तृतीयांश जागा स्त्रियांकडे होत्या. त्याच वेळी संपूर्ण लोकसभेत स्त्रियांची संख्या अवघी १९ होती. १९८० मध्ये उत्तर मध्य मुंबईतून प्रमिला दंडवते (जनता पक्ष) विजयी झाल्या. जयवंतीबेन मेहता (भारतीय जनता पक्ष) १९८९ मध्ये ईशान्य मुंबईतून, तर १९९६ व १९९९ मध्ये दक्षिण मुंबईतून लोकसभेवर गेल्या. या चौघींनी महानगरपालिकेतून राजकीय वाटचाल सुरू केली होती. त्यांचा स्वतःचा जनाधार पक्षांना डावलता येण्याजोगा नव्हता.

या चळवळींना ओहोटी लागल्यावर स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाचा भार आरक्षणावर आला. भारतातील स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीने १९७४ च्या अहवालात विधिमंडळांतील राखीव जागांना बहुमताने नकार दिला होता आणि त्याऐवजी पक्षांनी स्त्री-उमेदवारांचे निश्चित प्रमाण ठरवावे, अशी शिफारस केली होती. पक्षांनी ती मनावर घेतली नाही. स्थानिक संस्थांत मात्र महाराष्ट्राने १९९० मध्ये ३० टक्के जागा स्त्रियांसाठी राखल्या. चौऱ्याहत्तराव्या संविधानदुरुस्तीने (१९९२) हे प्रमाण किमान एक-तृतीयांश केले व २०११ च्या राज्य कायद्याने निम्मे झाले. २०१२ च्या निवडणुकीपासून मुंबईच्या २२७ प्रभागांपैकी ११४ स्त्रियांसाठी राखीव होऊ लागले. उमेदवार मिळत नाहीत, ही पक्षांची सबब यामुळे निकालात निघाली.

तथापि महानगरपालिकेतून विधानसभेकडे जाणारी वाट त्या प्रमाणात रुंदावली नाही. माजी महापौर विशाखा राऊत १९९९ मध्ये दादरमधून शिवसेनेच्या आमदार झाल्या. यामिनी जाधव नगरसेविकापदानंतर २०१९ मध्ये भायखळ्यातून निवडून आल्या. अशी उदाहरणे मोजकीच आहेत. २००९ ते २०२४ या काळातील चार निवडणुकांत परळ–लालबागचा समावेश असलेल्या शिवडी, दादरचा समावेश असलेल्या माहीम, तसेच वरळी आणि मलबार हिल या विधानसभा मतदारसंघांतून एकही स्त्री निवडून आली नाही. याच काळात श्रद्धा जाधव, स्नेहल आंबेकर व किशोरी पेडणेकर या गिरणगाव परिसरातील नगरसेविका महापौरपदी होत्या. दक्षिण मध्य मुंबई मतदारसंघाने तर १९७७ पासून २०२४ पर्यंतच्या तेरा सार्वत्रिक निवडणुकांत एकदाही स्त्रीस लोकसभेत पाठविलेले नाही.

या खंडाची कारणे उमेदवार-निवडीच्या पद्धतीत आढळतात. ‘निवडून येण्याची क्षमता’ हा सर्व पक्षांचा मुख्य निकष होय. खर्चाची ऐपत, शाखांवरील पकड व वरिष्ठांशी जवळीक यांवरून ती मोजली जाते आणि या तिन्ही गोष्टी परंपरेने पुरुषांकडे राहिल्या आहेत. पक्षांच्या महिला आघाड्या प्रचारात राबतात, परंतु नावे निश्चित करणाऱ्या बैठकीत त्यांचा शब्द क्वचितच निर्णायक ठरतो. प्रभागांचे आरक्षण सोडतीने फिरत असल्याने नगरसेविकेस एकाच प्रभागात दीर्घकाळ पाय रोवता येत नाही. प्रभाग खुला झाला, की तेथे पुरुषास उमेदवारी देण्याकडे कल असतो. पक्षांतरबंदीच्या कायद्याने (१९८५) लोकप्रतिनिधींवरील पक्षश्रेष्ठींची पकड वाढली व उमेदवारीचे मोलही वाढले.

परदेशांत या प्रश्नावर पक्षपातळीवर उपाय योजलेले दिसतात. अर्जेंटिनाने १९९१ मध्ये कायद्यानेच पक्षांच्या याद्यांत स्त्रियांचे किमान प्रमाण ठरविले. ब्रिटनमध्ये भारताप्रमाणेच एकसदस्य मतदारसंघ आहेत. तेथे मजूर पक्षाने काही मतदारसंघांत केवळ स्त्रियांमधूनच उमेदवार निवडण्याचा नियम केला आणि १९९७ मध्ये त्या पक्षाच्या १०१ स्त्रिया निवडून आल्या. भारतात मुख्य निवडणूक आयुक्त मनोहरसिंग गिल यांनी पक्षांवर असे प्रमाण बंधनकारक करण्याची सूचना केली होती. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत बिजू जनता दलाने एक-तृतीयांश व तृणमूल काँग्रेसने सुमारे ४१ टक्के उमेदवारी स्त्रियांना स्वेच्छेने दिली.

संविधानाच्या एकशे सहाव्या दुरुस्तीने (२०२३) लोकसभा व विधानसभांत स्त्रियांसाठी एक-तृतीयांश जागा राखण्याची तरतूद केली. मात्र तिची अंमलबजावणी जनगणना व त्यानंतरची मतदारसंघ-पुनर्रचना यांवर अवलंबून ठेवली. २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांवर २१ स्त्रिया निवडून आल्या; मुंबईच्या सहा लोकसभा जागांपैकी एकच, उत्तर मध्य, स्त्रीकडे गेली. आरक्षणाने जागेची शाश्वती मिळू शकते. पण त्या जागेवर चळवळीतून घडलेली कार्यकर्ती यावी की नेत्याच्या घरातील व्यक्ती, हा निर्णय पक्षांच्याच हाती राहतो. १९७७ मध्ये मुंबईने आरक्षणावाचून जे साधले, त्यामागे परळच्या चाळींतून तीन दशके चाललेले संघटन होते. त्या संघटनाची दखल उमेदवारी ठरविताना घेतली जाते की नाही, यावरच पुढील प्रतिनिधित्वाचा दर्जा अवलंबून राहील.