कर्करोग आणि रक्तवाहिनीजनन

रक्तवाहिनीजनन किंवा अँजिओजेनेसिस म्हणजे शरीरातील जुन्या रक्तवाहिन्यांपासून नव्या वाहिन्या फुटण्याची प्रक्रिया होय. गर्भाची वाढ होताना आणि जखम भरून येताना ती स्वाभाविकपणे घडते. कर्करोगाची गाठ हीच प्रक्रिया स्वतःच्या पोषणासाठी वापरते. त्यामुळे ही प्रक्रिया रोखणे हा कर्करोगावरील उपचारांचा एक मार्ग ठरला आहे.

कार्यपद्धती

केशवाहिनीतील ऑक्सिजन ऊतींमध्ये साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर अंतरापर्यंतच पोहोचतो. म्हणून नव्या रक्तवाहिन्या न मिळालेली गाठ सहसा १ ते २ मिलिमीटरपेक्षा मोठी होत नाही. ऑक्सिजन अपुरा पडला की गाठीतील पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात स्रवतात. हे प्रथिन जवळच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींना विभाजनास प्रवृत्त करते. अशा रीतीने बनलेल्या वाहिन्या वेड्यावाकड्या व गळक्या असतात. त्यांच्यावाटे गाठीला पोषण मिळते आणि कर्कपेशींना इतर अवयवांकडे जाण्याची वाटही मिळते.

इतिहास

रक्तपुरवठा रोखून गाठीची वाढ थांबवता येईल, ही कल्पना अमेरिकन शल्यविशारद जूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडली. व्हीईजीएफला निष्प्रभ करणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या प्रतिपिंडाला अमेरिकेत २००४ साली मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. स्तनाच्या कर्करोगासाठी २००८ साली दिलेली मान्यता मात्र, आयुर्मान वाढल्याचे सिद्ध न झाल्याने, २०११ साली मागे घेण्यात आली.

उपचार व मर्यादा

सुनिटिनिब, सोराफेनिब व पॅझोपॅनिब या गोळ्या व्हीईजीएफचा संदेश पेशीच्या आत रोखतात. उच्च रक्तदाब, रक्तस्राव, लघवीतून प्रथिने जाणे व जखम उशिरा भरणे हे या उपचारांचे प्रमुख दुष्परिणाम आहेत. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर काही काळ बेव्हॅसिझुमॅब देत नाहीत. गाठ कालांतराने रक्तपुरवठ्याचे इतर मार्ग शोधते. म्हणून ही औषधे बहुधा रोगाची वाढ लांबवतात, तो समूळ बरा करत नाहीत.

महाराष्ट्रातील संशोधन

केमोथेरपीची औषधे अल्प मात्रेत, दीर्घ खंड न पाडता देण्याच्या पद्धतीस मेट्रोनोमिक केमोथेरपी म्हणतात. रक्तवाहिनीजननास अटकाव हा तिच्या परिणामाचा एक भाग मानला जातो. मुंबईतील परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डोके व मानेच्या, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांवर या पद्धतीची चाचणी झाली. एका गटाला मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या, तर दुसऱ्या गटाला शिरेतून सिस्प्लॅटिन देण्यात आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मध्यक आयुर्मान गोळ्यांच्या गटात ७.५ महिने, तर सिस्प्लॅटिनच्या गटात ६.१ महिने होते. गंभीर दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात कमी आढळले. लाभ थोड्या महिन्यांचा असला, तरी महागडी औषधे न परवडणाऱ्या व इंजेक्शनासाठी वारंवार दूरचा प्रवास न झेपणाऱ्या रुग्णांना त्यामुळे घरी घेता येण्याजोगा पर्याय मिळाला.