जालन्याची ज्वारी: पेवापासून पाकिटापर्यंत

'पेव फुटणे' हा वाक्प्रचार सर्वांच्या तोंडी आहे. प्रत्यक्ष पेव पाहिलेले मात्र थोडेच. मराठवाड्यातील गावाचे दोन भाग मानले जात: पिकाची 'काळी' आणि वस्तीची 'पांढरी'. ज्वारीचे पेव खोदले जाई ते पांढरीत. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात ओल धरते; तीत धान्य टिकणार कसे? पेवाचे तोंड अरुंद, पोट मोठे, आत कडब्याचे अस्तर, वर मातीचा लिंपा. आतला प्राणवायू संपला की कीड मरे. त्याच कारणाने पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे. आधी पेटता दिवा खाली सोडून तो विझतो का, हे पाहिले जाई.

आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. हलक्या रानात बाजरी, भारी रानात ज्वारी, ही येथील जुनी वाटणी. रब्बी ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवरच येई. तिफणीने पेरणी, माळ्यावरून गोफणीने राखण, थंडीत हुरडा, मग खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची मळणी आणि तेथेच बलुतेदारांचा वाटा. टपोरी कणसे बियाण्यासाठी आधीच बाजूला काढलेली असत.

कडब्याचे मोल धान्याहून फारसे कमी नव्हते. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, असा त्याचा हिशेब. कडब्यावर बैल जगत आणि बैलांवर शेती.

१९६४ साली 'सीएसएच-१' हा ज्वारीचा संकरित वाण प्रसारित झाला. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात 'महिको' स्थापन केली. 'पुसा सावनी' भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केलेल्या बारवाले यांना पुढे १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालना बियाण्यांचे शहर झाले.

नव्या ज्वारीचे धान्य जास्त, पण ताट बुटके; म्हणजे कडबा कमी. लवकर पक्व होणारी खरीपाची कणसे परतीच्या पावसात सापडत आणि दाणे काळे पडत. घरचे बी पुढच्या वर्षी तसेच उगवत नसे, म्हणून दरसाल पाकीट विकत घेणे आले. खेड्यात या ज्वारीला नुसते 'हायब्रीड' म्हणू लागले, आणि तिची भाकरी खाणारे नाक मुरडत.

तरीही सारा दोष संकरित वाणावर टाकणे अन्यायाचे ठरेल. १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने सुकडी आणि अमेरिकेतून आलेली तांबडी 'मिलो' ज्वारी खाऊन दिवस काढले होते. पेवे तेव्हा रिकामीच होती.

पुढे खरीप ज्वारीचे रान कापसाने आणि सोयाबीनने घेतले. रब्बीत मात्र मालदांडी टिकून राहिली. तिची भाकरी गोड लागते हे एक कारण. दुसरे तिचा उंच कडबा, जो आजही पेंढ्यांच्या शेकड्यावर विकला जातो.