बारा मतदारसंघ, बारा बेटं

८२२ आणि १,२४,६२४.

हे दोन आकडे नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक मतदाराने पाठ करावेत असं मला वाटतं. मतदारसंघ एकच, कोपरगाव. निवडून आलेला माणूस एकच, आशुतोष काळे. २०१९ ला स्नेहलता कोल्हे यांच्याविरुद्ध ते ८२२ मतांनी आले. फेरीगणिक लोकांचा जीव टांगणीला लागला होता. पाच वर्षांनी तेच काळे सव्वा लाखाच्या आसपास मताधिक्याने आले, जिल्ह्यात सगळ्यात जास्त. मधल्या काळात कोपरगावात असा काय चमत्कार झाला? काही नाही झाला. मशीनवर एक नाव नव्हतं, एवढंच. काळे अजितदादांच्या राष्ट्रवादीत, कोल्हे भाजपात, दोघंही महायुतीत. जागा काळेंना सुटली, कोल्हे घरी बसले. ज्या तालुक्याने ५० वर्षं काळे की कोल्हे हाच प्रश्न सोडवला, त्याच्यापुढे तो प्रश्नच आला नाही.

हे समजायचं तर थोडं मागं जावं लागेल. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण राजकारण बेटांचं आहे. १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके, क्षेत्रफळात राज्यात पहिला. अकोल्यात कळसूबाईच्या पायथ्याला भाताची खाचरं आणि जामखेडला टँकर. अकोल्याच्या माणसाचं जामखेडला काय काम पडणार? एका तालुक्याचा पुढारी दुसऱ्या तालुक्यात गेला की पाहुणा. प्रत्येक बेटाचा मालक वेगळा, आणि मालकी कशावर? पाण्यावर.

भंडारदरा धरण १९२६ चं. प्रवरेचे कालवे उत्तरेत फिरले, ऊस आला. १९५० ला लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी कारखाना उभा केला. मग बघता बघता कोपरगाव, संगमनेर, राहुरी, श्रीगोंदा, नेवासा, जिथं पाणी तिथं चिमणी. कारखाना म्हणजे नुसती साखर नाही. कारखाना म्हणजे गावोगाव सभासद, कामगार, गाड्या, शाळा-कॉलेज, पतसंस्था. निवडणूक लागली की हीच यंत्रणा बूथवर. पक्षाने फक्त चिन्ह द्यायचं.

पण सुरुवात अशी नव्हती, हे आजच्या पोरांना सांगितलं तर पटत नाही. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत जिल्ह्यातल्या लोकसभेच्या दोन्ही जागांवर काँग्रेस आपटली. नगरमधून आर. के. खाडिलकर, मजूर किसान पक्षाचे. कोपरगावातून बी. सी. कांबळे, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे. संगमनेर-अकोल्याकडे लाल बावटा जोरात होता. कॉम्रेड दत्ता देशमुख त्याच भागातले, पाण्याचा हिशोब मांडणारा माणूस. पाचच वर्षांनी, १९६२ ला दोन्ही जागा काँग्रेसकडे परत. कोपरगावातून आले अण्णासाहेब शिंदे, जे स्वतः आधी कम्युनिस्ट होते! माझ्या मते जिल्ह्याचं राजकारण कळायला हे एक उदाहरण पुरेसं आहे. डावा विचार हरला असं नाही म्हणता येत, तो सहकारात शिरला आणि काँग्रेसचा झाला.

त्यानंतर माणसं टिकली, पक्ष बदलत गेले. शंकरराव कोल्हे १९७२ ला पहिल्यांदा आले ते अपक्ष. बाळासाहेब थोरात १९८५ ला पहिल्यांदा आले, तेही अपक्ष. मग थेट २०१९ पर्यंत सलग आठ वेळा. मधुकरराव पिचड अकोल्यातून १९८० ते २००९ सलग सात वेळा. नगर शहरात साखर नाही, तिथं अनिलभैय्या राठोड १९९० पासून पाच वेळा, नुसत्या रस्त्यावरच्या शिवसेनेच्या जोरावर. शिर्डीत राधाकृष्ण विखे १९९५ पासून. काँग्रेस, शिवसेना, परत काँग्रेस, मग भाजप. मतदाराने पक्ष बघितलाच नाही म्हणा ना.

आणि वरून नातीगोती. आम्ही पत्रकार लोक याला ‘सोधा’ म्हणतो, सोयरे-धायरे. संग्राम जगताप हे शिवाजीराव कर्डिलेंचे जावई. मोनिकाताई राजळेंचे दिवंगत पती राजीव राजळे हे थोरातांचे भाचे. प्राजक्त तनपुरेंचे मामा जयंत पाटील. बाहेरचा पत्रकार आला की तो युती-आघाडी मोजतो आणि आम्ही लग्नपत्रिका चाळतो.

त्यामुळे इथं ‘लाट’ सहसा सरसकट लागत नाही. २०१४ बघा. सगळे पक्ष वेगवेगळे लढले, मोदी लाट जोरात. निकाल काय? भाजप ५, काँग्रेस ३, राष्ट्रवादी ३, शिवसेना १. चौघांनाही वाटा मिळाला. २०१९ ला विखे भाजपात गेले आणि ‘१२-०’ची घोषणा झाली. भाजपला मिळाल्या ३. राष्ट्रवादीला ६, काँग्रेसला २, नेवाशात शंकरराव गडाख स्वतःच्या क्रांतिकारी शेतकरी पक्षाकडून. भाजपच्या पराभूतांनी विखेंकडेच बोट दाखवलं, विखेंनी ते नाकारलं. कोपरगावात विखेंचे मेहुणे राजेश परजणे अपक्ष उभे होते, आणि कोल्हे पडल्या ८२२ ने. आता याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

मग आलं २०२४. महायुती १०, महाविकास आघाडी २. दिसायला लाट. पण पोट फाडून बघा. पारनेरला काशिनाथ दाते १,५२६ ने आले. सहाच महिने आधी लोकसभेला सुजय विखेंना पाडणाऱ्या नीलेश लंकेंच्या पत्नी राणीताई तिथं हरल्या. नेवाशात गडाख ४,०२१ ने गेले. अकोल्यात डॉ. लहामटे ५,५५६ ने आले, वैभव पिचड तिसरे. आणि निकालानंतर दोनच आठवड्यांनी मधुकरराव गेले. कर्जत-जामखेडला उलटं, रोहित पवार १,२४३ ने वाचले. कराडला प्रीतिसंगमावर अजितदादांनी पुतण्याला तोंडावर सांगितलं की थोडक्यात वाचलास, माझी सभा झाली असती तर काय झालं असतं. ते ऐकून राम शिंदे भडकले, माझ्याविरुद्ध कट झाला म्हणाले. महिन्याभरात ते विधान परिषदेचे सभापती झाले!

आणि संगमनेर. चाळीस वर्षांची आमदारकी, २०१९ चं ६२,२५२ चं मताधिक्य, आणि अमोल खताळ नावाच्या नव्या उमेदवाराने १०,५६० ने ते सगळं पुसलं. कोणी म्हणतं विखेंची यंत्रणा, कोणी म्हणतं लाडकी बहीण, कोणी म्हणतं हिंदुत्व. तिन्ही असेल. थोरातांचं काम मोठं की नाही हा वाद मी इथं घालत नाही. पण संगमनेरच्या माणसाला निदान दोन नावांतून निवडायला मिळालं. कोपरगावच्या माणसाला समोर शरद पवार गटाचे संदीप वर्पे होते, पण तालुका ज्या दोन गटांत विभागलाय त्यातला एकच गट रिंगणात होता. तो सव्वा लाखाचा लीड मला म्हणूनच विजय वाटत नाही, जागावाटपाची पावती वाटते. काळेंनी काम केलं नाही असं माझं म्हणणं नाही. निळवंड्याचं पाणी, रस्ते, तपासून बघा. पण ते तपासून मत द्यायची वेळ आलीच नाही. सगळे तगडे एकाच मांडवात बसले की तिकीट मुंबईत ठरतं आणि गावात फक्त गुलाल येतो.

निळवंड्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. १९७० ला मंजुरी, आणि डाव्या कालव्याचं लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते २६ ऑक्टोबर २०२३ ला. आठ कोटींचं काम पाच हजार कोटींवर गेलं. या काळात किती निवडणुका या एका पाण्यावर लढल्या गेल्या ते मोजा.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे कोणाचं लक्ष नाही. २००८ च्या पुनर्रचनेने पाथर्डी शेवगावला जोडली, श्रीरामपूर राखीव झालं, कर्जत खुलं झालं. कर्जतचे तीन वेळचे आमदार सदाशिव लोखंडे यांची जागाच गेली आणि २००९ ला राम शिंदे आले. पुढे लोखंडे शिर्डीचे खासदार झाले. एका नकाशाने एवढं झालं. आता जनगणना, त्यानंतर पुन्हा पुनर्रचना आणि महिलांना एक तृतीयांश जागा. म्हणजे बारापैकी चार महिलांच्या धरा, त्याही घराण्यातल्याच असतील का ते तुम्हीच ओळखा. जिल्ह्याचं नाव ऑक्टोबर २०२४ ला अहिल्यानगर झालं तरी नोव्हेंबरच्या मतदानात मतदारसंघ ‘अहमदनगर शहर’च होता, कारण ती नावं जुन्या नकाशातली आहेत. तोही आता बदलेल.

नवा मसुदा आला की हरकती-सूचना मागवतात. मागच्या वेळी पुढारी आपापले वकील घेऊन गेले होते. आपलं गाव कुठल्या तालुक्याला जोडलं जातंय, हे यावेळी आधी बघून ठेवा. तुमच्याकडे १९७२ किंवा १९७८ च्या प्रचाराचे जुने हँडबिल, फोटो असतील तर कमेंटमध्ये टाका, गावाचं नाव लिहा. कोपरगाव आणि अकोल्याचे खास करून हवेत.