मुल्कोवालची बाटली : एका शास्त्रीय वादाचा भूमिकाभिनय

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ लोकांना प्लेगप्रतिबंधक लस टोचण्यात आली. ती मुंबईस परळच्या प्रयोगशाळेत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांच्या देखरेखीखाली तयार झालेली होती. त्या लोकांपैकी १९ जण पुढे धनुर्वाताने दगावले. त्या सर्वांना ५३-एन या एकाच बाटलीतील लस दिलेली होती. जंतू बाटलीत होते, याविषयी दुमत नव्हते. ते तीत केव्हा शिरले, हा वाद मात्र १९०७ पर्यंत चालला.

मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने दोष प्रयोगशाळेकडे दिला. लसीत कार्बॉलिक आम्ल घालण्याची रूढ पद्धत सोडून हाफकिन यांनी केवळ उष्णतेवर भिस्त ठेविली होती, आणि हा बदल त्यांना भोवला. वास्तविक बाटली उघडण्यापूर्वी साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, व तो ज्योतीत न धरता कार्बॉलिक द्रावणात नुसता हलवून वापरला गेला, अशीही साक्ष झालेली होती. शिवाय उघडतेवेळी लसीस दुर्गंधी नव्हती; जंतू मुंबईपासूनच आत वाढत असते, तर ती येणे अपेक्षित होते. १९०७ साली रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून हाफकिन यांची बाजू मांडली व त्याच वर्षी सरकारने त्यांना पुन्हा नोकरीत घेतले. नवा प्रयोग झाला म्हणून निर्णय फिरला नाही. जुन्याच पुराव्याचे वजन निराळ्या तराजूत झाले.

हे तराजू कसे बदलते, ते व्याख्यानातून उमगत नाही. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात प्रा. मार्क कार्न्स यांनी १९९० नंतरच्या दशकात इतिहासाच्या अध्यापनासाठी भूमिकाभिनयाची जी पद्धती घडविली, तिच्यात गॅलिलिओवरील खटल्याचाही समावेश झाला. मुल्कोवालचे प्रकरण तिला तितकेच अनुकूल आहे. अट एवढीच, की प्रत्येकाने आपल्या पात्रास त्या दिवशी जे ठाऊक होते तेवढ्यावरच बोलावे. हाफकिन होण्यास कोणीही तयार होईल; अवघड भूमिका जेंकिन्स यांची. नियमभंग म्हणजे निष्काळजीपणा, हा न्यायाधीशाचा संस्कार. गंधाचा अभाव जंतुशास्त्रज्ञाला प्रमाण वाटतो, न्यायाधीशाला ती एका साक्षीदाराची आठवण वाटते. साहाय्यकाची भूमिका करणाऱ्याला तर चिमटा पडल्याचे कबूल करताना आपली नोकरी पणाला लागल्याचे जाणवल्याखेरीज राहणार नाही. मृतांच्या आप्तांना मंडळासमोर उभे करावे किंवा कसे, हा प्रश्न वर्गानेच सोडवावा. तो टाळला तर सारा वाद तज्ज्ञांच्या अब्रूपुरता उरतो.

१९०७ चे पत्र आधी वाटू नये. मंडळाने आपला निर्णय कारणांसह लिहून दिल्यावर ते वाचावे, आणि मग त्याच सदस्यांना आपली कारणे पुन्हा तपासण्यास सांगावे.