मुंबईच्या नावाचा रक्तगट

माणसाचे रक्तगट चार, असे आपण शाळेत शिकलो : ए, बी, एबी आणि ओ. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली यातले तीन दाखवून दिले, चौथा पुढच्या वर्षी सापडला. पन्नास वर्षे हा हिशेब चोख चालला. मुंबईत मात्र तो अडला.

काही जणांचे रक्त कोणाशीच जुळेना. तपासणीत त्यांचा गट ओ दिसे, पण ओ गटाच्या तांबड्या पेशी त्यांच्या रक्तद्रवात मिसळल्या की त्यांचेही पुंजके होत. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी या कोड्याचा पाठपुरावा केला. लंडनच्या रेस आणि सँगर यांसारख्या तज्ज्ञांसह त्यांचा निबंध १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. जगाच्या वैद्यकात 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हे नाव रुजले ते या शोधामुळे. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे तेच राहिले.

यातली खरी गंमत गुणसूत्रांची आहे. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईचे, एक वडिलांचे. ए-बी ठरवणारे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते. ते पेशीवर एक विशिष्ट साखर चढवते. पण ती अडकवायला आधी खुंटी लागते आणि ती खुंटी, म्हणजे 'एच' हा घटक, तयार करणारे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते. आई आणि वडील, दोघांकडूनही त्याची बिघडलेली प्रत आली, तर खुंटीच नाही. मग सदरा असून अडकवणार कुठे? बी गटाचे जनुक शाबूत असूनही रक्त ओ दिसते.

समजा, पिशोरमधल्या एखाद्या सुनेचे रक्त असे आहे. नवऱ्याचा गट ए. मूल झाले एबी गटाचे. कागदावर आई ओ, मग मुलात बी आला कुठून? अशा वेळी बोट कोणाकडे वळते, हे सांगायला नको. शंका घेणाऱ्याला गुणसूत्रे मोजायची सवड नसते. वस्तुतः बी त्या आईनेच दिलेला असतो. नवऱ्याकडून चांगले एच आले, खुंटी मिळाली आणि तिच्यात दडून राहिलेले मुलात उघड झाले.

आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. नवरा-बायकोचे आजी-आजोबा एकच असले, की तीच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाला आढळतो, असे मानतात. युरोपात दहा लाखांत एखाद्याला.

या माणसांना फक्त त्याच गटाचे रक्त चालते. साध्या गट-तपासणीत ते ओ म्हणून निसटतात. दात्याचे आणि रुग्णाचे रक्त प्रत्यक्ष जुळवून पाहिले, की पकडले जातात. म्हणून कितीही घाई असली तरी ती जुळणी शक्यतो टाळू नये. आणि असा रुग्ण सापडला, की रक्तपेढीवाले आधी त्याच्या सख्ख्या भावाबहिणींची चौकशी करतात. आई-वडील दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असेल, तर त्यांच्या प्रत्येक मुलात हा गट उतरण्याची शक्यता चारात एक असते.