तारनाक्याची प्रयोगशाळा आणि आपले ताट

तारनाक्याला उस्मानिया विद्यापीठाजवळच्या राष्ट्रीय पोषण संस्थेवरून आपल्यापैकी अनेकजण येता-जाता असतात. माझी ऑफिसची बसही तिकडूनच जाते. पण तिचा आपल्या ताटाशी काय संबंध, हे मला वडिलांच्या दुखण्यात कळले.

संस्थेचा जन्म 1918 सालचा, निलगिरीतील कुन्नूरचा. सर रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी तेथील पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत बेरीबेरी रोगावर संशोधन सुरू केले. 1958 मध्ये प्रयोगशाळा हैदराबादला आली, तेव्हा संचालक होते डॉ. वि. ना. पटवर्धन. म्हणजे तिचे इथले बिऱ्हाड एका मराठी माणसाने थाटले! सध्याचे नाव मिळाले 1969 मध्ये.

इथे डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी पेलाग्राचे रोगी अभ्यासले. उन्हाने कातडी काळवंडणे, जुलाब, भ्रम ही त्याची लक्षणे. जगात हा मका खाणाऱ्यांचा रोग समजला जाई. इथले रोगी ज्वारी खाणारे गरीब लोक होते. 1960 मध्ये दोघांनी ज्वारीतील ल्युसिन या घटकाकडे बोट दाखवले. आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी खातो, पण भाकरीसोबत डाळ, भाजी, ताक असते. भाकरी वाईट नव्हे. नुसत्या भाकरीवर दिवस काढणे वाईट.

आमच्या घरी उलटे घडले. सत्तरीनंतर वडील रात्री चहा-टोस्टवर आले. "म्हातारपणी कमीच खावे," असे ते म्हणत आणि आम्हीही मान डोलवत असू. हळूहळू ते जिना चढताना कठडा धरू लागले. एक दिवस न्हाणीत पडले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "हे खातात काय?"

उतारवयात हालचाल कमी होते, भूक मंदावते. पण प्रथिने आणि कॅल्शियमची गरज कमी होत नाही. संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने हवीत. साठ किलोच्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम. चहा-टोस्टात ती कुठून येणार? 2024 च्या आहार-मार्गदर्शिकेत तर वृद्धांसाठी वेगळे सूत्रच आहे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हेही अशाच संशोधनातून कळते.

आता वडिलांच्या ताटात दाट वरण, दुधात कुस्करलेली भाकरी, नाचणीची आंबील असते. यंदा आरतीला चालत येणार म्हणतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांना आपण "जेवलात का?" असे विचारतोच. या गणपतीपासून "काय जेवलात?" हेही विचारू या.